ब्रेडच्या आकाराची वचनपेटी: घ्या, पण बायबल जवळ ठेवून

वस्तू तशी एवढीशीच. बेकरीतला न कापलेला ब्रेड असतो ना, त्या आकाराचा प्लॅस्टिकचा पिवळट-तपकिरी डबा, वर लांब खाच आणि खाचेत दाटीवाटीने उभी केलेली रंगीत कार्डं. प्रत्येक कार्डावर बायबलमधलं एक वचन, पुढे मराठीत, मागे इंग्रजीत. डब्यावर सोनेरी अक्षरात 'रोजची भाकर' लिहिलंय. भाकर म्हणायचं आणि आकार ब्रेडचा द्यायचा, याचं मला अजून हसू येतं. किंमत 220 रुपये. पुण्यात कॅम्पातल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या एका दुकानातून नाताळच्या खरेदीत घेतली.

आमच्या लोकांना वचनपेटी समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. संध्याकाळी कौटुंबिक उपासनेला बसलं की घरातल्या एकाने न बघता एक कार्ड ओढायचं, मोठ्याने वाचायचं, मग एखादं गीत, प्रार्थना आणि जेवणं. एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. परडीतून प्रत्येक कुटुंब 'वर्षाचं वचन' उचलतं आणि घरी नेऊन फ्रिजवर लावतं. कोणाला कोणतं आलं याची चर्चा नंतर चहा पिताना होते, आणि अमक्यांना दरवर्षी भरभराटीचंच कसं येतं हेही निघतं.

प्रथा जुनी आहे आणि आपल्याकडची नाही. बोगाट्स्की नावाच्या जर्मन गृहस्थाने 1718 साली रोजच्या वाचनासाठी निवडक वचनांचा संग्रह काढला. पुढे जर्मनीतल्या हेर्नहूट गावात 1728 पासून मंडळीला रोज एक वचन द्यायला सुरुवात झाली आणि 1731 पासून त्याचं वर्षाचं पुस्तक छापून निघू लागलं, ते आजतागायत निघतंय. तिथे जुन्या करारातलं वचन अजूनही चिठ्ठी टाकूनच निवडतात, आणि त्याला जोड म्हणून नव्या करारातलं एक विचार करून शोधतात. ही जोड मला फार पटते. एक हाताला लागलेलं, एक डोकं वापरून घेतलेलं. शिवाय हेर्नहूट वसवलं ते मोराव्हियातून (आजच्या चेक देशातला भाग) श्रद्धेपायी घरदार सोडून आलेल्या माणसांनी. वचनाला घट्ट धरून राहणारी माणसं बहुतेक वेळा अशीच कुठून तरी उठवलेली असतात.

आमचे अण्णा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांना वचनपेटी बिलकूल आवडायची नाही. मावशीकडे एक होती, पावडरच्या डब्यात कागदाच्या बारीक सुरळ्या आणि त्या उचलायला चिमटा. अण्णा म्हणायचे, "हे आणि बाजारातल्या जोशाच्या पोपटाने चिठ्ठी काढणं, यात फरक काय राहिला?" मावशी रागवायची. मी अण्णांच्या बाजूची. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मीच वचनपेटी विकत आणीन असं मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आणली ती वेगळ्याच कामासाठी. मागच्या पावसाळ्यात आमच्या मिस्टरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही. बोलणं हळूहळू परत येतंय, पण शब्द सापडायला वेळ लागतो. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या की रोज छोटी छोटी वाक्यं मोठ्याने वाचून घ्या. वर्तमानपत्राचे मथळे वाचून पाहिले तर हे चिडायचे, म्हणजे बातम्यांवरच चिडायचे. बाळबोध पुस्तक समोर ठेवलं तर अपमान वाटायचा. वचनपेटी चालली. कार्ड एका हातात मावतं, मजकूर दोन-तीन ओळींचा, शब्द लहानपणापासून कानावरचे. पुढचा शब्द जिभेवर आला नाही तरी तो कोणता हे आतून माहीत असतं, त्यामुळे धीर सुटत नाही. घरात अशा दुखण्याचं माणूस असेल तर एवढ्यासाठीसुद्धा पेटी घ्या असं मी तीस-पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स म्हणून सांगेन.

तक्रारी मात्र आहेत. कार्डं इतकी ठासून भरली आहेत की डाव्या हाताने एक ओढावं तर चार बाहेर येतात. मी पहिल्याच आठवड्यात एक तृतीयांश कार्डं काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि अधूनमधून बदलते. कागद गुळगुळीत आहे, बोटातून निसटतो. अक्षर बारीक. त्यातही फिक्या गुलाबी कार्डावर पांढरं अक्षर छापणाऱ्याने ते स्वतः एकदा ट्यूबलाइटखाली वाचून पाहावं. मराठी मजकूर दोन वेगवेगळ्या भाषांतरांमधून उचललाय, त्यामुळे एका कार्डावर जुनी भारदस्त भाषा आणि दुसऱ्यावर आजची सोपी. सवय होते. पण संदर्भाच्या चुकांची सवय होऊ नये. 'भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे' हे यशया 41:10, म्हणजे यशयाच्या पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या अध्यायातलं दहावं वचन, कार्डावर छापलंय 40:10. तिथे शोधायला गेलात तर वेगळंच काहीतरी सापडतं.

आता महत्त्वाचं. एका संध्याकाळी यांच्या हाती यशया 46:4 आलं. तुम्ही म्हातारे व्हाल, केस पिकतील, तोवर मीच तुम्हाला वाहून नेईन, असं ते वचन आहे. हे एकेक शब्द जुळवत वाचत होते. 'केस'पाशी आले आणि थांबले. मला वाटलं शब्द अडला. तर यांनी कार्ड मांडीवर ठेवलं, डावा हात उचलून स्वतःच्या टकलावरून फिरवला आणि हसायला लागले. हल्ली यांचं हसू एकाच बाजूने येतं, पण आलं ते पोटातून.

पेटी इथे संपते. कार्डावर एवढंच आहे. मी सवयीने बायबल उघडून अख्खा अध्याय वाचला आणि मग बसूनच राहिले. अध्यायाची सुरुवात आहे बेल आणि नबो या बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, देवांपासून. त्यांच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादल्या आहेत, जनावरं थकून वाकली आहेत, आणि ओझं सोडवणं सोडाच, ते देव स्वतःच बंदिवासात चालले आहेत. त्याच्यापुढे देव आपल्या लोकांना म्हणतो की मी तुम्हाला जन्मापासून उचलून घेतलंय आणि म्हातारपणीही उचलीन. म्हणजे या अध्यायाचा सगळा प्रश्नच हा आहे की कोण कोणाला उचलतंय.

माणूस उचलणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. ड्युटीवर असताना आम्ही दोघी-तिघी मिळून पेशंट पलंगावरून खुर्चीत घ्यायचो. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं, आपला पाय त्यांच्या पायाला टेकवायचा, 'एक, दोन, तीन' एकदम म्हणायचं. घरी मी एकटी, आणि यांचं वजन आजारात फारसं उतरलेलं नाही. रात्री पाठ धरते. ते वचन यांच्यासाठी निघालं असं मी धरून चालले होते. अध्याय वाचल्यावर दिसलं की त्यात उचलणारी म्हणून माझं नाव कुठेच नाही. मी उचलल्या जाणाऱ्यांत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना खुर्चीत घेताना मला उगाचच हसू येत होतं. हे विचारत राहिले, "काय? काय?" मी डोक्यावरून हात फिरवून दाखवला.

यांचा हात अजून तसाच आहे. वचनात हात बरा होईल असं म्हटलेलं नाही, हेही मी नीट पाहून ठेवलंय.

कार्ड आणि अध्याय यांतला हा फरकच या पेटीची खरी उणीव आहे. वचनं निवडणाऱ्याने गोड तेवढं वेचलंय आणि ज्या कडवट जमिनीतून ते उगवलं ती झाडून टाकलीय. स्तोत्र 37:4 घ्या. कार्डावर फक्त 'तो तुझे मनोरथ पूर्ण करील'. वचनाचा पहिला अर्धा भाग, परमेश्वराच्या ठायी आनंद मान, हा गाळला. मग उरलं काय? योहान 16:33 चंही तेच. येशू शिष्यांना सांगतो की जगात तुम्हाला क्लेश होतील, पण धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे. कार्डावर धीर आहे, क्लेश नाहीत. क्लेश होतील हेसुद्धा त्याने दिलेलं वचनच आहे, आणि ते तर आपण सगळ्यांनी पुरं झालेलं पाहिलंय. त्या वचनाचं कार्ड मला कुठल्याच पेटीत सापडलेलं नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो हबक्कूकच्या कार्डाचा. हबक्कूक म्हणजे बायबलमधलं एका संदेष्ट्याचं तीन अध्यायांचं एवढंसं पुस्तक. खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांचं सैन्य येणार हे संदेष्ट्याला दिसतंय आणि तो देवाशी भांडतोय की हे असं किती दिवस. शेवटी 3:17 मध्ये तो यादीच देतो: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. आणि मग अठरावं वचन, की असं असलं तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पेटीत फक्त अठरावं आहे. निळ्या कार्डावर, कोपऱ्यात फुलपाखरू.

आम्ही सतरावं वचन जगलेली माणसं आहोत हो. 1972 चा दुष्काळ. मी तेव्हा शाळकरी मुलगी. विहिरी आटल्या, गावातले लोक रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचे, आम्हा मुलांना सुकडी मिळायची आणि घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्या थापताना तुटायच्या आणि खाताना तुटायच्या नाहीत. गुरं कोणी छावणीत नेली, कोणी विकली. आमची गाय मातीमोल भावाने गेली. त्या रात्री अण्णांनी चिमणीच्या उजेडात हबक्कूकचा तिसरा अध्याय काढला. वाचून झाल्यावर आजी म्हणाली, "अंजीर न् जैतून काय आपण बघितलं नाही बाबा, पण गोठ्याचं त्यानं खरं लिहिलंय." आणि मग आजीनेच गीत धरलं. मोठ्याने, टाळ्या वाजवत. शेजारचे लोक बघायला आले की यांच्याकडे काय झालं, कारण गाय गेलेल्या घरात त्या रात्री गाणं चालू असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

मला तेव्हा काही समजलं नव्हतं. आजी नाचते म्हणून मीही नाचले. आज इतकंच म्हणते की आजीच्या हाती निळं कार्ड आलं असतं तर तिने ते बाजूला ठेवलं असतं. 'आनंद करा' हे कोणी नुसतं सांगून होत नाही. गोठ्याचं खरं लिहिणाऱ्यानेच ते सांगितलं म्हणून तिचा त्याच्यावर विश्वास बसला.

यिर्मया 29:11 बद्दलही सांगायला हवं, कारण वचनपेटीचा हा हिरा मानला जातो. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे आहेत. माझा भाचा आमच्याकडे राहून नोकरी शोधतोय. भाचा म्हणजे भावाचा मुलगा, मला आत्या म्हणतो. चाकणच्या एका कंपनीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री त्याला हेच कार्ड आलं. त्याने लगेच फोटो काढून स्टेटसला लावला. नोकरी लागली नाही. त्यानंतर तो उपासनेला बसायचा, पण कार्ड ओढायचा नाही. एकदा सरळ म्हणाला, "आत्या, पेटी फेकून द्या. खोटं बोलते."

मी म्हटलं, फेकू, आधी पत्र वाचून काढू. कारण ते वचन म्हणजे एका पत्रातली ओळ आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र. त्यात आधी काय आहे? घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं बरं व्हावं म्हणून प्रार्थना करा. आणि दहाव्या वचनात: बाबेलात सत्तर वर्षं भरली म्हणजे मी येईन. अकरावं त्यानंतर येतं.

भाच्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मी पंच्याण्णव वर्षांचा."

त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय त्याला जास्त आवडला. त्यात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा आहे. तो सगळ्यांसमोर सांगतो की काळजी नको, दोन वर्षांत सगळं परत येईल. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू ओढून मोडतो. लोकांना अर्थातच हनन्या पटला असणार. दोन वर्षं कुठे आणि सत्तर कुठे. यिर्मयाही आधी म्हणतो, आमेन, तसंच होवो. पण तसं झालं नाही आणि हनन्या त्याच वर्षी मेला. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, मी कार्ड यिर्मयाचं घेतलं आणि वाचलं हनन्यासारखं." या पोराला डिप्लोमापेक्षा बायबल शाळेत घालायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

सध्या तो भोसरीत एका छोट्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये जातो. कायमचं काही नाही, अर्ज चालूच आहेत. पण परवा कुठून तरी कढीपत्त्याचं रोप घेऊन आला आणि गॅलरीत लावलं. विचारलं तर म्हणाला, "बागा लावा म्हटलंय ना."

पेटीतलं एक कार्ड मात्र अगदी जसंच्या तसं चांगलं उतरलंय, रोमकरांस पत्र 15:13. आशेचा देव तुम्हाला विश्वास ठेवण्यात आनंद आणि शांती यांनी भरो, असा त्याचा गाभा. हे पत्र लिहिणारा पौल विश्वास ठेवण्यातच आनंद मागतोय. मिळाल्यावर होणारा आनंद वेगळा, तो तर कोणालाही होतो. हे कार्ड आमच्याकडे सारखं निघतं, कारण त्याचा कोपरा दुमडलाय आणि यांच्या डाव्या अंगठ्याला तो सापडतो. कधी कधी मला संशय येतो की हे मुद्दाम तेच काढतात.

पर्याय काय आहेत? मोबाइलवर बायबलचं ॲप आहे, रोज सकाळी एक वचन येतं, मराठीतही येतं, फुकट आहे, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्या वचनावर बोट ठेवलं की अख्खा अध्याय उघडतो. तरुण असाल तर पेटीपेक्षा तेच घ्या. आमच्या यांना स्क्रीनवर बोट नेमकं पडत नाही, म्हणून ते आमच्या कामाचं नाही. व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलावर छापलेलं 'आजचं वचन' पाठवणारे नातेवाईक प्रत्येकाकडे असतातच. त्याचं परीक्षण लिहिण्यात अर्थ नाही. वचनांचं भिंतीवरचं कॅलेंडर चांगलं असतं, पण त्यात ओढण्याची मजा नाही. लहान मुलांना आणि आमच्या यांना ती हवी असते. अण्णांच्या पोपटाच्या आक्षेपावर मी आता एवढंच म्हणेन की पोपटवाला चिठ्ठी वाचून दाखवून पैसे घेतो आणि उठून जातो, आपण चिठ्ठीनंतर पुस्तक उघडू शकतो.

मी केलेले बदल सांगते, उपयोगी पडतील. अर्धवट छापलेल्या कार्डांच्या कोपऱ्यात मी पूर्ण संदर्भ लिहिलाय. बॉलपेनची शाई त्या कागदावर पुसली जाते, सीडीवर लिहायचा मार्कर वापरा. कार्डाच्या मापाचे तुकडे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे छान होतात, जाड असतात आणि हातातून निसटत नाहीत. त्यावर भाच्याने मोठ्या अक्षरात नवीन कार्डं लिहिलीत: यशयाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायाची पहिली चार वचनं, यिर्मयाच्या पत्राची पाचव्यापासून पुढची, योहान 16:33 क्लेशांसकट. ही कार्डं ओढायला सोपी असल्यामुळे हल्ली तीच जास्त निघतात, म्हणजे आमच्या घरी नशिबाचा भाग थोडा कमी झालाय.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा अक्षराचा कापला, अर्धा चुकीच्या संदर्भांचा, अर्धा त्या फुलपाखराचा. विकत घेताना दुकानदाराला प्लॅस्टिकचं वेष्टन काढून दाखवायला सांगा, कारण एका ओळखीच्यांच्या पेटीत तीच ती कार्डं दोनदा भरलेली निघाली. छापणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर पुढच्या आवृत्तीत अक्षर मोठं करा, कार्डं कमी भरा आणि हबक्कूकचं सतरावं वचन अठराव्याच्या वर छापा. फुलपाखराच्या जागेत ते सहज मावेल. पन्नास रुपये जास्त लावलेत तरी मी दोन घेईन, एक भावाकडे द्यायची आहे.